कडू औषधावर गूळ

आमच्या फेरेटला गूळ मी चारत होतो आणि दोष लेकीच्या हाताला देत होतो. हे एवढं सरळ वाक्य बोलायला मला बराच काळ लागला.

फेरेट म्हणजे मुंगसाचा दूरचा, लाडावलेला नातेवाईक. दोन हजार सालाच्या आसपास दुबईतल्या अल मनखूल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीची सगळ्यात चांगली जागा त्याची होती. त्याच्या स्वादुपिंडात गाठी झाल्या होत्या, त्यामुळे रक्तातली साखर घसरायची. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं पातळ औषध दिलं, रोज दोनदा, जन्मभर. त्याने पोट सुटलं, शेपटीचे केस विरळ झाले, भूक वाढली.

"अगदी तुमच्यावर गेलाय," बायको म्हणाली. मला तर कुठलं औषधही चालू नव्हतं.

डोस लेक द्यायची. पोट बिघडू नये म्हणून आधी उकडलेलं चिकन, मग सिरिंज. तो तोंड वेडंवाकडं करायचा. आता, कडू औषधावर गोड द्यायचं हा आमच्या घरचा संस्कार. ती शाळेला गेली की मी सुट्टीहून येताना आणलेला कोल्हापुरी गूळ बोटावर घेऊन त्याला चाटवायचो. थोड्या वेळाने त्याचे मागचे पाय लटपटायचे, नजर शून्यात जायची. मी शिकलेला माणूस, ताबडतोब निदान केलं: साइड इफेक्ट!

"तू जास्त देतेस. स्टेरॉइड आहे ते, सरबत नव्हे."

"बाबा, आय मेझर इट. एव्हरी टाइम."

"मग हा पडतो कसा?"

मी फर्मान काढलं, डोस निम्मा. माझा गूळ मात्र पूर्ण चालू.

दोनच दिवसांत त्याला झटका आला. दवाखान्यात सुई लावून त्याला शुद्धीवर आणल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मीठा कुछ देते हो?"

"नेव्हर," लेक म्हणाली. मी भिंतीवरचा मांजराच्या दातांचा तक्ता मन लावून वाचत होतो.

डॉक्टरांनी समजावलं, गोड पोटात गेलं की त्या गाठी इन्शुलिन ओततात आणि साखर आधीपेक्षाही खाली जाते. औषध त्याला पाडत नव्हतं, तारत होतं. आणि निम्म्या डोसचं कळल्यावर बजावलं, ते असं मनाने कमी करायचं नसतं.

लेकीचा चेहरा उतरला. "मेबी आय गेव्ह इट राँग," ती म्हणाली. मी तेव्हाही तक्ताच वाचत होतो.

गाडीत ती त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. मी घसा खाकरला. "जो काही गैरसमज झाला असेल, त्याबद्दल मला खेद आहे."

"बाबा, इज धिस ॲन ऑफिस ईमेल?"

मी गाडी कडेला घेतली. "गूळ मी देत होतो. रोज. तुझा डोस बरोबर होता. मघाशी तिथे गप्प बसलो, ते तर त्याहून वाईट. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."