दोनशे नंबरची चाळणी

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवासमोर रोज हात जोडते, तिथेही हा विषय मी शिताफीने टाळते. मग तुम्हालाच का सांगतेय? ऐकताना तुमचा चेहरा मला दिसणार नाही, म्हणून असेल. भित्रेपणा माझा जुनाच आहे, तेव्हा हेच कारण खरं धरा.

आधी माझं काम सांगते. खाणीतला दगड बारीक दळल्याशिवाय त्यातलं खनिज सुटं होत नाही. दळायला एक मोठं फिरतं लोखंडी पिंप असतं, आत पोलादी गोळे – त्याला बॉल मिल म्हणतात. ती किती वेगाने फिरवावी, गोळे किती घालावेत, दगड किती सोडावा, हे मी संगणकावर गणित मांडून सांगते. त्या गणिताला आम्ही मॉडेल म्हणतो. म्हैसूरजवळ कडकोळला आमचं ऑफिस आणि प्रयोगशाळा. म्हैसुरातल्या चामराजपुरमहून रोज जाऊन-येऊन करते. प्रत्यक्ष मिल मी वर्षातून दोनदा पाहते, पण बोलते अशी, जणू रोज मीच तिला हाताने फिरवते.

गणिताला पुरावा लागतो, तो चाळणीचा. दळलेला माल वाळवायचा, चाळण्यांच्या उतरंडीतून हलवायचा, आणि कुठल्या चाळणीवर किती राहिलं ते तोलायचं. सगळ्यात खालची, सगळ्यात नाजूक, ती दोनशे नंबरची. तिच्यातून मैद्यासारखी पूड तेवढी खाली जाते.

चाळण्यांची खोली नागोजीरावांची. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेले मराठी. पण त्यांचे आजे-पणजे कापड रंगवणारे, छापणारे. चाळणी हातात घेऊन जाळीवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "कापडच की हे, अक्का. तारेचं." चारचौघांत मी मॅडम, दोघंच असलो की अक्का – माझ्याहून वीस वर्षांनी मोठे असून. दर सोमवारी प्रत्येक चाळणी खिडकीच्या उजेडात धरून तपासायचे आणि वहीत सही करायचे. स्वतःच्या नजरेचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

त्या दिवसांत एका कारखान्याचं काम चालू होतं. माझं मॉडेल म्हणत होतं, मिल चांगलं बारीक दळतेय, आणखी दगड सोडायला वाव आहे. नागोजीरावांचे आकडे म्हणत होते, नाही, माल जाड आहे. पुन्हा चाळायला लावलं. पुन्हा तेच. मी चिडले. माझंच काही चुकलं असेल हे मनात आलं नाही का? आलं – आणि मी त्याला दारातूनच परत पाठवलं.

एका बुधवारी नागोजीराव नातवाच्या जावळासाठी नंजनगूडला गेले. मी म्हटलं, त्यांची वाट कशाला बघायची, आपणच चाळू. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. दोनशे नंबरच्या जाळीत कडेला कण अडकून बसले होते. ते मऊ ब्रशने, उलट्या बाजूने, हळूहळू काढायचे असतात. एवढा धीर मला कुठला? ओढणीची सेफ्टी पिन काढली आणि टोकरलं.

बारीकसा आवाज झाला. एवढासा. मला तेव्हा काही कळलं नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलेय – खोटं आहे ते. मी चाळणी दिव्याकडे धरली होती. कडेशी एक ठिपका बाकीच्यांहून उजळ दिसत होता. मी तो पाहिला. पाहिला, आणि चाळणी उतरंडीत परत ठेवून दिली. त्या दिवशी मी चाळणी हाताळल्याची नोंदही केली नाही.

गुरुवारी नागोजीरावांनी सगळे नमुने शेवटचे म्हणून पुन्हा चाळले. भोकातून जाड कण खाली गेले, आणि कागदावर माल एकदम बारीक झाला. "आता जुळलं बघा, अक्का," म्हणाले. माझ्यासाठी त्यांना बरं वाटलं होतं. पडद्यावर माझी रेघ प्रत्येक ठिपक्यातून नीट गेली. साहेबांनी सगळ्यांना बोलावून ती दाखवली. आणि मला – काय सांगू – आनंद झाला हो! भीती नाही, शंका नाही. आनंद.

शुक्रवारी अहवाल गेला. शनिवारी कारखान्याने मिलमध्ये जास्तीचा दगड सोडला. सोमवारी नागोजीरावांनी चाळणी खिडकीशी धरली, आणि तशीच हातात घेऊन स्वतः साहेबांच्या खोलीत गेले. लपवायचं असतं हे त्यांना सुचलंच नसावं. मी तिथेच बसले होते. साहेबांनी विचारलं, आठवडाभरात कुणी कुणी वापरली? "मीच, सर. दुसरं कोण हात लावणार?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही?

मी मान हलवली. नाही.

माझी मान अशी हलेल, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी हादरून गेले. ही कोण बाई? मी आईच्या डब्यातला लाडू चोरला तरी रात्री रडून सांगणारी मुलगी होते! पण हलली ती मान माझीच.

तोवर कारखान्यात दोन दिवसांचं खनिज जाड कणांत अडकून गाळात वाहून गेलं होतं. नागोजीरावांना कडक शब्दांत पत्र मिळालं. चाळण्यांची खोली काढून घेतली, आणि निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं नमुन्यांच्या पिशव्या रचायला दिल्या. नव्या चाळणीवर सगळं पुन्हा चाळलं, तेव्हा आकडे पहिल्यासारखेच जाड आले. म्हणजे पहिल्यापासून तेच बरोबर होते. त्यांच्या जुन्या आकड्यांवर मी मॉडेल दुरुस्त केलं. चालतं ते अजून, माझ्या नावाने.

पण खरं सांगायचं ते हेही नव्हे. इथवर आले आणि पुन्हा आडवळणाला लागले, नाही का?

पुढच्या रविवारी नागोजीराव आमच्या घरी आले. हातात नंजनगूडच्या रसबाळे केळ्यांची फणी. खुर्चीच्या कडेवर बसले. "अक्का, तप्पु माझंच, चूक माझी. तुमच्या कामाला माझ्यामुळं डाग लागला. त्याच्या आधीच्या सोमवारी मी बघितलो होतो की उजेडात! भोक दिसलंच नाही मला. डोळे गेले म्हणा आता. माफ करा."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. त्या सोमवारी भोक नव्हतंच. ते बुधवारी पडलं. हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि ते माझ्यासमोर हात जोडून बसले होते. यापेक्षा सोपी वेळ कुणाला मिळते? घरात आम्ही दोघंच होतो.

मी म्हटलं, "परवागिल्ला, नागोजीराव." गर्दीत कुणाचा पाय पायावर पडला तरी आम्ही म्हैसूरकर हेच म्हणतो – असू द्या, काही हरकत नाही. मी त्यांना माफ केलं. माझ्या अपराधासाठी, मी, त्यांना. वर कॉफी दिली. ती केळीसुद्धा आम्ही खाल्ली.

नंतर ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी नजर उत्तम आहे म्हणून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्याकडे गेले, त्यानेही तेच सांगितलं. मग त्यांनी स्कूटर विकून टाकली. कुणाला तरी धडक बसेल म्हणाले.

गेल्या महिन्यात मला बस स्टँडवर दिसले. निवृत्त होऊन बराच काळ झालाय. तब्येत चांगली आहे. तलकाडला भाचीकडे निघाले होते. बस लागली. त्यांनी मान वर करून पाटी वाचली – त्यांचे ओठ हलताना मी पाहिले, त-ल-का-ड – आणि मग माझ्याकडे वळले.

"अक्का, स्वल्प बघा की. तलकाडचीच ना ही?"

मी पाटी वाचली. म्हटलं, हो, तलकाडचीच. ते चढले, खिडकीतून हात केला, बस गेली. त्यांनी ती बरोबर वाचली होती. हेसुद्धा मी त्यांना सांगितलं नाही.