एक चमचा डस्ट

आमच्या भागातला चहापावडरवाला गिऱ्हाइकाचं नाव विसरेल, पण त्याच्या घरचं मिश्रण विसरत नाही. रंगाला आणि कडकपणाला बारीक डस्ट, वासाला मोठी पत्ती. कुणाकडे निम्मं-निम्मं, कुणाकडे आणखी काही.

परवा माझ्यापुढे साठीच्या एक बाई होत्या. त्याने सवयीने डस्टच्या डब्यात माप घातलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता नुसती पत्ती द्या. ह्यांना जाऊन तीन महिने झाले. कडक चहा त्यांनाच लागायचा. मला कधी आवडला नाही."

त्याने माप परत डब्यात रिकामं केलं. मी उगाच विचार करत राहिलो. इतकी वर्षं दुसऱ्याच्या चवीचा चहा प्यायचा, आणि ते पहिल्यांदा सांगायचं कुणाला, तर चहापावडरवाल्याला. पण मुरलेल्या मिश्रणातून आपल्या वाट्याचं तेवढं चाळून घेता येतं का, कोण जाणे.

पत्ती पिशवीत भरून झाली. बाईंनी ती नाकाशी नेली आणि थोडा वेळ तशीच धरली.

"एक चमचा डस्ट घाला त्यात," त्या म्हणाल्या. "नाहीतर सकाळी घरात कुणी उठलंय असं वाटायचं नाही."