फुकटचं नको, चोरीचं चालेल

फुकटचं सॉफ्टवेअर म्हटलं की आमच्या लोकांची नाकं मुरडतात, आणि ‘क्रॅक केलेलं आहे’ म्हटलं की तीच माणसं पेनड्राइव्ह घेऊन पुढे सरकतात. बहरीनमध्ये इतकी वर्षं काढली, इथल्या उकाड्याची सवय झाली, याची झाली नाही. शिसारी येते मला.

गेल्या जयंतीची गोष्ट. त्याआधी सुट्टीत आम्ही अकोल्याला गेलो होतो, तेव्हा माझ्या मुलीने माझ्या बाबांचं बोलणं मोबाइलवर टिपून आणलं होतं. बाबा बस डेपोत मेकॅनिक होते. ओट्यावर बसून ते आपली सगळी कहाणी सांगतात. त्याची छोटी फिल्म करायची, जयंतीला हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखवायची आणि बाबांनी ती तिकडून व्हिडिओ कॉलवर बघायची, असं आजोबा-नातीचं ठरलं. बाबांचं आता वय झालंय, ऐकू कमी येतं, पण फोन केला की पहिला प्रश्न हाच, "झाला का व माहा सिनेमा?"

विकतचं सॉफ्टवेअर आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. मग पोरीने फुकटचं शोधायला घेतलं आणि बुसैतीनच्या आमच्या घरात तीन कॉम्प्युटरांची परीक्षा सुरू झाली. माझ्या विंडोजवर फुकटचं मुबलक, पण वाट घाणीतून जाणारी. एकाच पानावर डाउनलोडची हिरवी बटणं ढीगभर, त्यातलं खरं एक. चुकीचं दाबलं नि भलतंच काहीतरी येऊन बसलं, रोज ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ म्हणून बोंबलायला लागलं. शेजारणीकडून आणलेल्या मॅकवर सगळं कसं चकाचक! तिथे एक आवडलं, वर फुकट लिहिलेलं. उघडलं तर आठवडाभरच फुकट, आणि त्याच्याही आधी कार्डाचा नंबर द्या. मेल्यांनो, मग फुकट म्हणता कशाला? तिसरा नवऱ्याचा लॅपटॉप, मीना सलमान बंदरातल्या गोदामातून भंगारात निघालेला, त्यावर लिनक्स. तिथे एकच यादी, नाव टाकलं की आलं. कार्ड कोणी मागितलं नाही. आवाज मात्र पहिल्या दिवशी येईचना. तो आणायला बाप-लेक शुक्रवारची अख्खी सुट्टी एकमेकांवर खेकसत बसले होते. गंमत म्हणजे शेवटी पोरीला पसंत पडलेलं सॉफ्टवेअर तिन्हींवर मिळतं, तेच्या ते. बनवणारेच सांगतात, घ्या, वापरा, दुसऱ्यालाही द्या. मग ती लिनक्सवरच बसली, कारण तो लॅपटॉप तिच्याकडे कोणी मागत नव्हतं.

फिल्म सुरेख झाली. मी आई म्हणून सांगत नाही.

मग आले आमच्या जयंती समितीतले साहेब. जुफैरला उंच इमारतीत राहतात, पगार विचारूच नका. हॉल, पडदा, प्रोजेक्टर, सगळं त्यांच्या हातात. "फुकटातल्या सॉफ्टवेअरवर केली?" फिल्म न बघताच त्यांनी विचारलं. "ताई, पाहुणे येणार, क्वालिटी नको? माझ्याकडे प्रोफेशनल आहे, फुल व्हर्जन. भावाने मुंबईहून पाठवलंय." म्हणजे चोरीचं. पोरगी म्हणाली, "अंकल, फिल्म पूर्ण झालीय." त्यांनी तिला कौतुकाची टपली मारली नि फिल्मचा पेनड्राइव्ह खिशात टाकला. नंतर मी फोन केला तर म्हणे, "खलास ताई, माझ्या सॉफ्टवेअरवर चढवलीय, झालंच समजा. इंशाल्ला सगळे बघत राहतील."

जयंतीला सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. तिच्यातल्या पंचशीलात आम्ही हात जोडून म्हणतो, जे दिलेलं नाही ते घेणार नाही. साहेबांचा आवाज सगळ्यांत खणखणीत. तिकडे बाबा इस्त्रीचा सदरा घालून कॉलवर हजर. त्यांनीही दोन शब्द बोलावेत म्हणून पोरीचा फोन हॉलच्या स्पीकरला जोडलेला होता, आणि ती तो पडद्यासमोर धरून उभी होती.

फिल्म लागली. आधी सोनेरी अक्षरं, ढोल, संकलक म्हणून साहेबांचं नाव. माझ्या पोरीचं कुठेच नाही! मग बाबांचा चेहरा आला आणि त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत तिरपी, करडी, इंग्रजी अक्षरं, ‘ही प्रत विकत घेतलेली नाही’ अशा अर्थाची. वाटलं, जातील. जाईनात. साहेबांचं फुल व्हर्जन फसलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. "काल दिसलं होतं हो मला," ते हळूच म्हणाले, "पण एवढं कोण वाचतंय?" थू! माझ्या बापाच्या तोंडावर शिक्का, आणि हा माणूस हसतोय. लोकही टाळ्या पिटत होते.

तेवढ्यात स्पीकरमधून बाबा बोलले. "पोरी, माह्या तोंडावर हे काय लिवलं व?"

साहेब लगबगीने पुढे झाले. "काही नाही बाबा, कंपनीचं नाव आहे."

"नाही आजोबा," पोरगी म्हणाली, "ज्याच्यावर हे केलं ते चोरून आणलंय, असं लिहिलंय."

टाळ्या थांबल्या.

"मग पुस माहं तोंड त्याच्यावरून," ते म्हणाले.

पोरीने एका हातात फोन तसाच धरला आणि दुसऱ्या हाताने प्रोजेक्टरची वायर उपटली.