ताईचा शनिवारचा बेत

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या सुपरमार्केटमध्ये पनीरची दोन पाकिटं हातात धरून उभी होते. सकाळीच हॉस्पिटलच्या खाटेवरून तिनं बजावलं होतं, "एकावर एक फ्री आहे आज. घेऊन ठेव. शनिवारी मला घरी सोडतील." फोनवर तिची मुलगी मृण्मयी होती. "मावशी, ये..." एवढंच म्हणाली. पाकिटं तिथंच ठेवून मी निघाले.

माझी ही थोरली बहीण शाळेत गणित शिकवायची. भाऊजी फार लवकर गेले, पण सासरची माणसं जेवायला यायची थांबली नाहीत. मे महिन्यात दर शनिवारी तिचे मोठे दीर आणि जाऊबाई ठाण्याहून गाडी काढून यायचे. मोबाइलवर दुकानाच्या ऑफर आल्या की ताईचा बेत ठरायचा. काय खावंसं वाटतंय हा प्रश्नच नसे. काय स्वस्त झालंय ते आधी, पदार्थ नंतर. सिमला मिरची उतरली की भरली मिरची, मशरूम अर्ध्या किमतीत मिळाले की त्यांची रस्साभाजी, ब्रेडची तारीख जवळ आलेली असली की शाही तुकडा. एकटीच्या पगारात घर, मुलीचं शिक्षण आणि वर हे पाहुणे... तरी तिचं ताट कधी केविलवाणं दिसलं नाही.

जाऊबाईंना तेच खुपायचं. एकदा ताईच्या शाळेतल्या मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. त्यांच्यादेखत या मोठ्यानं म्हणाल्या, "हिच्याकडे सगळं सेलमधलं असतं हो. तारीख बघून खा!" मैत्रिणींचे घास हातातच राहिले. ताई नुसती हसली. मला ते हसू ठाऊक होतं. लहानपणी ती तशी हसली की मी आधी लांब पळायचे.

पुढच्या शनिवारी तिनं ठेवणीतली काचेची भांडी काढली. जाऊबाईंनी भाजी पुन्हा पुन्हा वाढून घेतली, शाही तुकड्याची वाटी तर चाटूनपुसून साफ केली. वर म्हणाल्या, "बघ, माल चांगल्या दुकानातून आणला की कशी चव येते!" ताई आत गेली आणि बडीशेपेचं तबक घेऊन आली. तबकात बडीशेप नव्हती. ऑफरचे पिवळे स्टिकर चिकटवलेली सगळी वेष्टनं नीट घडी घालून मांडली होती.

"वहिनी," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तारीख बघून घ्या."

दिरांना हसू आवरेना. जाऊबाई मात्र ते कधीच विसरल्या नाहीत. ताईला कॅन्सर झाला, केमो सुरू झाली, केस गेले. या एकदाही फिरकल्या नाहीत. फोनवर म्हणायच्या, "एवढ्या उन्हात निघवत नाही गं..." जेवायला यायच्या तेव्हा काय ऊन नव्हतं? ताईच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मात्र पहिल्या रांगेतून उठून, डोळ्यांना पदर लावून सांगू लागल्या, "तिला स्वयंपाक मीच शिकवला." त्या दिवशी मी गप्प बसले. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्या न चुकता वाचतात, म्हणून आज इथं लिहिते आहे. नाव घालत नाही. त्यांना कळेल, आणि त्यांच्या सोसायटीतल्या बायकांनाही.

गेल्या शनिवारी संध्याकाळी मी ताईच्या घरी मृण्मयीसोबत होते, तेव्हा दारावरची बेल वाजली. दीर आणि जाऊबाई दारात. जाऊबाई खुर्चीत टेकल्या, पंखा वाढवायला सांगितला आणि विचारलं, "मग, आज काय बेत?"

मृण्मयीनं त्यांना पाणी दिलं. ग्लास रिकामा होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "बेत आहे, काकू. पण मावशीपुरता आणि माझ्यापुरता."

"अगं, आम्ही ठाण्याहून आलोय!"

"माहितीये. आई आजारी होती तेव्हाही ठाणं तेवढ्याच अंतरावर होतं."

दोघं उठून खाली गेले. आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात शिरलो. अजून तिथं सगळं तिच्या उंचीला सोयीचं ठेवलेलं आहे. वरच्या फळीवरचा डबा काढायला मला चवड्यांवर उभं राहावं लागतं. मृण्मयीनं पार्किंगच्या बाजूची खिडकी सताड उघडली. खाली गाडीत बसून ते हॉटेल शोधत असावेत.

"मावशी, लसूण भरपूर घाल," ती म्हणाली.

मी वरणावर फोडणी ओतली, वास खिडकीतून थेट खाली गेला. गाडी बराच वेळ तिथून हलली नाही. आम्ही सावकाश जेवलो.