मुद्दाम फाडलेला आवाज

जुन्नरच्या राजमहंमदचे भोंगे पंचक्रोशीत लग्नाला, जत्रेला जात. १९५५ च्या श्रावणात मात्र ओतूरच्या जत्रेत, भर कीर्तनात त्याच्या भोंग्याचा आवाज असा फाटला, की बुवांना अर्ध्या अभंगावर थांबावं लागलं. जत्रेचे पंच कुशाबा यांनी तेव्हाच बजावलं, की पुन्हा आवाज फाटला तर ओतूरची वाट विसरायची. ओतूर गेलं की बाकीची गावंही जाणार, हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून पुढच्या वर्षी त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून लढाईतला एक बिनतारी संच आणला आणि त्यातली युक्ती आपल्या अँप्लिफायरला लावली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश एका तारेनं उलटा करून पुन्हा आत सोडायचा. आत होणारी चूक तिथल्या तिथे छाटली जाई. त्याच्या बायकोनं, खातूननं, हे ऐकून सासूबाईंनाही अशीच एक तार लावायला सुचवलं.

त्या वर्षी जत्रेत कीर्तनाआधी गावातल्या सावळारामचा मुलगा संपत विजेची गिटार वाजवणार होता. मुंबईच्या गिरणीत असताना शिकलेला. त्यानं ती मांडीवर आडवी घेतली, तारांवर पोलादी कांडी फिरवली, आणि सूर स्वच्छ निघाला.

पण त्या तारेनं आवाजाचा जोरही छाटला होता. पाळण्यांच्या करकरीत मागच्यांना काही ऐकू येईना.

"भोंगा उपाशी हाय का, राव?" कुणीतरी विचारलं. माणसं उठून कुस्त्यांकडे निघाली. कुशाबा गर्दीतून वाट काढत येताना दिसले.

आवाजाचं बटण आधीच टोकाला होतं. तार काढली तर आवाज वाढणार, पण फाटणारच. नाही काढली तर मांडव रिकामा. संपतचे कान लाल झाले होते. राजमहंमदनं तार उपटली.

गिटार एकदम खरखरून उठली, दहा सनया एका दमात फुंकाव्यात तशी. संपत दचकला. मग त्यानं कांडी वर सरकवून सूर लांबवला. निघालेली माणसं थबकली, वळली.

कुशाबा शेजारी येऊन उभे राहिले. "फाटला ना?"

हे वाद्यच असं वाजतं, म्हणता आलं असतं. राजमहंमदनं उपटलेली तार पुढे केली. "फाटला न्हाई, कुशाबाभाऊ. मीच फाडला."

कुशाबांनी भरत चाललेल्या मांडवाकडे पाहिलं. "बुवांच्या येळंला सांधता येतो का?"

"येतो."

"मग आत्ता ऱ्हाऊ दे फाटका. पर बुवांचा फाटला, तर तुजी न् माजी गाठ हाय."

तार परत जोडली, पण कथलाचा डाग द्यायला वेळ नव्हता. कीर्तनभर राजमहंमद जोडावर बोट दाबून बसला. कीर्तनाची माणसं जवळ बसतात, गप्प बसतात. त्यांना तेवढा आवाज पुरला. बुवा शेवटच्या अभंगापर्यंत पोचले, तेव्हा त्याचं बोट पांढरं पडलं होतं.

पुढे संपतसाठी त्यानं पायानं दाबायची एक पेटी केली. दाबली की आवाज फाटे, सोडली की सांधला जाई. ओतूरकर त्याला 'आवाज फाडणारे भाई' म्हणू लागले. आयुष्यभर आवाज सांधत आलेल्या माणसाला ते नाव रुचलं नाही. पण जत्रेची सुपारी घेताना तो ते मुकाट्यानं ऐकून घेई.