अकरा हजार काचा

काचबाईला कामावर घेतलं ते तीन महिन्यांसाठी. तेव्हा तिला काचबाई कोणी म्हणत नव्हतं. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठचा भाऊ अजून शाळेत, अशा घरातली ती तेवीस वर्षांची मुलगी होती. जुन्या वास्तूंच्या कार्यालयात तीन महिन्यांचं का होईना काम मिळालं, हे तिच्या आईनं त्याच संध्याकाळी शेजारपाजारी चार घरी सांगून टाकलं होतं.

काम होतं तळघरात. सोळा पायऱ्या उतरायच्या, जाड दार ढकलायचं, की समोर भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी पेट्या. पेट्यांत खाचा, आणि खाचांत उभ्या लावलेल्या काचा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दोन फोटोग्राफर गाड्यांवर तंबू, बाटल्या आणि भलामोठा कॅमेरा लादून देशभरच्या पडक्या वास्तूंचे फोटो काढत हिंडले होते. काचेवर औषध ओतायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत तंबूतल्या काळोखात काच धुवायची, असा तो खटाटोप. त्यांनी लिहिलेली नोंदवही मात्र कुठल्याशा पुरात भिजून तिचा लगदा झाला होता. त्यामुळे काचा होत्या अकरा हजार, पण कुठली काच कुठल्या गावची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मोडके खांब, अर्ध्या कमानी, डोकं उडालेल्या मूर्ती. वरच्या मजल्यावरचे लोक म्हणत, "पडक्या भिंती इथूनतिथून सारख्याच!"

तिच्यासोबत आणखी दोघींना घेतलं होतं. मऊ ब्रशनं धूळ झटकायची, काच कडांना धरून कागदी पाकिटात सरकवायची आणि पाकीट पुन्हा पेटीत ठेवायचं. दुसरा महिना सरता सरता हेडक्लार्क पायऱ्यांवरूनच म्हणाले, "तिघींपैकी एकीला ठेवतील. तेही फार तर." त्या दिवसापासून तिघींचं आपसातलं बोलणं तुटलं.

पण हिचं लक्ष काचांवर बसलं होतं. खालून दिवा लावलेल्या टेबलावर काच ठेवली की सगळं उलटं दिसे: आकाश काळं, सावल्या पांढऱ्या. त्या उलट्या जगात तिला हळूहळू खुणा सापडायला लागल्या. औषध ओतताना फोटोग्राफरनं काच जिथं धरली, तिथं कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा राहिलेला असे. एकाच्या अंगठ्यावर आडवा व्रण होता, दुसऱ्याच्या नव्हता. म्हणजे कुठली काच कोणाची हे कळलं. मग दिसलं, की व्रणवाल्याच्या काचांवर वरच्या बाजूला एक काळा डाग आहे. आधी टाचणीच्या डोक्याएवढा, पुढे मुगाएवढा, मग चांगला चिंचोक्याएवढा. कॅमेऱ्याच्या भात्याला, म्हणजे भिंगामागच्या घड्यांच्या कातडी पिशवीला, भोक पडून उजेड आत शिरत होता आणि वाटेत ते भोक मोठं होत गेलं होतं. डागाच्या आकारानं काचा लावल्या तर त्या प्रवासाच्या क्रमानं लागत होत्या! नंतर डाग एकदम नाहीसा झाला, म्हणजे कुठल्यातरी मोठ्या गावी भात्याला ठिगळ लागलं. त्या सुमाराच्या काचांत दोन नद्यांच्या संगमावरचा घाट होता; त्यावरून मोठं गाव कुठलं ते नकाशावर सापडलं, आणि तिथून मागं-पुढं एकेक गाव उलगडत गेलं.

हे तिनं घरी आईला सांगितलं तेव्हा तिला धाप लागली होती. "उद्याच साहेबांना लिहून देते," ती म्हणाली.

आई भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "लिहून बिहून देऊ नकोस बाई. डोक्यात ठेव. कागद काय, कोणीही उचलून नेईल. तू मात्र त्यांना लागशील."

तिनं आईचं ऐकलं. काचा आपल्या क्रमानं लावल्या, पाकिटं कोरीच ठेवली. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस वरून माणूस आला, की नदीकाठच्या पडक्या मंदिराचा जुना फोटो हवाय. बाकीच्या दोघी पेट्या उघडत राहिल्या. हिनं दहा मिनिटांत काच काढून दिली. साहेबांनी खाली येऊन विचारलं, "कसं काढलंत?"

"सवयीनं, साहेब," ती म्हणाली.

त्या दोघी गेल्या. त्यांतली एक जाताना हिच्याकडे बघून हसली नाही की रडली नाही, नुसती डबा पिशवीत घालून पायऱ्या चढून गेली. हे पुढे कितीतरी दिवस हिला टोचत राहिलं.

नोकरी पक्की झाली. वडील गेले, भाऊ शिकला. कार्यालयात तिला काचबाई म्हणायला लागले, आणि तिला ते आवडलंही. बाहेरगावचे विद्वान आले की साहेब त्यांना तळघरात आणत. पाहुण्यानं नाव घ्यायचं आणि हिनं काच काढून द्यायची. पाहुणे माना डोलवत. जादूगाराच्या टोपीतल्या सशासारखी आपली गत झालीय, हे कळायला तिला चार वर्षं लागली.

ते कळलं मोजणीदारामुळे. हा जमीन मोजणी खात्यातला, उंच, किंचित तोतरा माणूस. एका जुन्या तटाची मूळ उंची किती होती हे बघायला आला आणि मग काम नसतानाही यायला लागला. जुन्या फोटोंत वास्तूची उंची कळावी म्हणून एका माणसाला शेजारी उभं केलेलं असे. त्याच्या हातात कायम मिटलेली छत्री. दोघं त्याला छत्रीवाला म्हणायची. हा एका ठिकाणी हललाय, त्याचं धुकं झालंय, इथं त्याचं पोट सुटलंय, इथं चक्क नवी वहाण आहे, असं करत त्यांच्या दुपारी जायच्या. मोजणीदाराची बदली झाली तेव्हा त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. "चल माझ्याबरोबर. लग्न करू. तिकडं डोंगर आहेत, हवा आहे. इथं तुला ऊनसुद्धा दिसत नाही."

"आणि काचा?"

"लिहून दे की. सहा महिने लागतील. मी थांबतो."

ती घरी गेली, कोरी वही समोर घेऊन बसली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. मग तिला वाटलं, हे एकदा लिहून दिलं की उद्या आपल्याला विचारतं कोण? लग्न नाही जमलं, परत यावं लागलं, तर कुठल्या तोंडानं यायचं? तिनं वही मिटली. "पुढच्या वर्षी," असं ती त्याला म्हणाली. त्याची दोन पत्रं आली. तिसरं आलं नाही.

मग एकदा खुद्द नदीकाठच्या मंदिरापाशी, खोदकामाच्या कचेरीत जागा निघाली. तिनं अर्ज केला. आयुष्यात तिनं दुसऱ्या कशासाठी असे देव पाण्यात ठेवले नव्हते. आठवड्यानं साहेबांनी तिला वर बोलावलं. चेहरा प्रसन्न होता. "बसा. तुमच्याबद्दल मी काय लिहिलंय ते ऐका," म्हणाले आणि वाचून दाखवलं: "'यांच्यावाचून तळघर बंद पडेल. सबब बदली करता येणार नाही.' कोणाबद्दल लिहितो मी असं?"

तिनं आभार मानले. दुसरं काय करणार? पायऱ्या उतरताना सोळाव्या पायरीवर तिला बसावं लागलं. जाड दार तिच्यासमोर होतं आणि त्याची कडी तिनंच घातलेली होती.

त्यानंतर मात्र ती इरेला पेटली. तीन वह्या भरल्या. डाग, ठसे, ठिगळ, गावांची माळ, सगळं लिहिलं. वह्या वरच्या एका सहायकाला दिल्या. तो बिचारा मन लावून वाचून आला, काचा टेबलावर घेऊन बसला आणि तासाभरानं म्हणाला, "बाई, मला तर सगळे डाग मुगाएवढेच दिसतात." तिनं जवळ जाऊन दाखवलं. त्याला दिसेना. तिला मात्र लांबूनही दिसत होतं, कारण ती बारा वर्षं दुसरं काही बघतच नव्हती. साहेब हसले. "बघा! शेवटी तुम्हीच."

दिवस असे जात होते. साहेब बदलले. नवे साहेब आले ते तिच्याहून वयानं लहान होते, पण "यांच्यावाचून" हा शब्द जणू खुर्चीबरोबरच त्यांच्या ताब्यात आला होता. रजा मागितली की दोन दिवसांची मिळे, तीही "फोनच्या जवळपास राहा" या बोलीवर.

आई तेव्हा भावाकडे, दूरच्या शहरात राहत होती. एका सकाळी भावाचा फोन आला. "ताई, आईचं काही खरं नाही. तुझंच नाव घेतेय. येतेस ना?"

त्याच आठवड्यात परदेशातून मंडळी यायची होती, त्या काचांचं मोठं प्रदर्शन भरवायला. साहेब हात जोडून म्हणाले, "आठच दिवस. माझी अब्रू तुमच्या हातात आहे." तिनं आठ दिवस काचा काढून दिल्या. नवव्या दिवशी ती भावाच्या घरी पोचली. आई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, चेहरा शांत. तिनं हिच्याकडे पाहिलं आणि सुनेला विचारलं, "ह्या बाई कोण गं? त्यांना चहा दे."

भाऊ म्हणाला, "परवापर्यंत ओळखत होती गं."

तिसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन आला. पाहुण्यांना एक काच पुन्हा हवी होती. ही भावाच्या व्हरांड्यात रिसीव्हर धरून सांगत होती, "डावीकडून तिसरं कपाट... नाही, खालून. कोपरा उंदरानं कुरतडलेली पेटी. नाही सापडत? नीट बघा." आतून आईचा आवाज आला, "कोण ओरडतंय?" हिनं फोन ठेवला, आत जाऊन आईचे पाय चेपत बसली, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघाली. हे तिला स्वतःलाच पुढे कधी समजावता आलं नाही. महिन्यानं आई गेली.

तेरावं उरकून ती कामावर आली त्या सकाळी तिनं भांडारातून पेन्सिलींचा डबा मागून घेतला. पहिलं पाकीट समोर ओढलं आणि त्यावर लिहिलं: गाव कुठलं, प्रवास कितवा, ठसा कोणाचा, आधीची काच कुठली, नंतरची कुठली. रीत शिकवता येत नव्हती ना? मग रीत नको. उत्तरंच लिहून टाकायची. एकेका काचेचं. रोज तीस. बोटं आखडली तर पंचवीस. पण शक्यतो तीसच.

पाचेक महिन्यांनी साहेबांनी बघितलं. "हे कोणी सांगितलं करायला?"

"कोणी नाही. माझे डोळे अधू होत चाललेत, साहेब. उद्या मला डाग दिसेनासे झाले तर?"

साहेब चपापले. तिच्या डोळ्यांची काळजी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटली असावी. "करा, करा," म्हणाले आणि एक चांगला दिवाही खाली पाठवून दिला.

डोळ्यांना तिच्या काहीही झालं नव्हतं.

दीड वर्ष लागलं. शेवटचं पाकीट लिहून झालं त्या दिवशी टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं. तिनं पेन्सिलीचं थोटूक कचऱ्यात टाकलं आणि वरून नव्यानं लागलेल्या टंकलेखक मुलीला खाली बोलावलं. "अमुक गावची कमान काढून दे बघू." मुलीनं पाकिटं चाळली, ओठ हलवत वाचलं आणि सात मिनिटांत काच टेबलावर ठेवली. "सोपंय की, मावशी!" ती म्हणाली.

काचबाईला हसू आलं. पण ती ज्या भीतीनं तेविसाव्या वर्षी गप्प बसली होती, ती भीती सत्तावीस वर्षं जागची हललेली नव्हती.

तिनं पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. दुपारी जेवून येईतो मंजूर होऊन टेबलावर पडला होता. खाली सही, वर एक ओळ. "यांच्यावाचून" नाही, फोनबिन काही नाही. तो कागद तिनं दोनदा वाचला. इतकं सोपं होतं तर!

ती नदीकाठच्या मंदिरापाशी गेली. बसचे दोन टप्पे, मग थोडं चालणं. लांबूनच तिनं ओळखलं; सहा खांब, त्यातला चौथा मधूनच तुटलेला. फक्त दगड पिवळसर होता, त्याची तिला कल्पना नव्हती. फोटोग्राफरनं कॅमेरा नेमका कुठं मांडला असेल ती जागाही तिला सापडली. तिथं उभं राहिल्यावर सगळं काचेतल्यासारखं जागच्या जागी बसलं. तिला आपण अजून तळघरातच आहोत असं वाटलं.

मग ती चालायला लागली आणि मंदिराच्या मागं गेली. मागची बाजू कोणीच कधी टिपलेली नव्हती. अकरा हजारांत त्या बाजूची एकही काच नव्हती. तिथं बघण्यासारखं काही नव्हतंच. सपाट भिंत, गवत, दोन शेळ्या आणि कोणीतरी दगडावर वाळत घातलेलं धोतर. ती भिंतीला पाठ लावून उन्हात बसली. दुपारभर बसली. एक शेळी येऊन तिच्या पिशवीचा बंद चघळायला लागली, तरी तिनं हाकललं नाही.

रजा संपल्यावर ती कामावर हजर झाली तेव्हा तिचं टेबल वरच्या मजल्यावर, आवक-जावक पत्रांच्या खोलीत हलवलेलं होतं. तळघर टंकलेखक मुलीकडे गेलं होतं. कोणी वाईट वागलं नाही. खिडकी होती, ऊन येत होतं, आणि टपालावर शिक्के मारायला अकरा हजार काचांची ओळख लागत नव्हती. मुलगी अधूनमधून वर येऊन विचारायची, "मावशी, हा ठसा व्रणवाल्याचाच ना?" काचबाई चष्म्यावरून बघत म्हणायची, "पाकिटावर लिहिलंय. वाच."

उरलेल्या नोकरीत आणि नंतर मिळून तिनं सहा ठिकाणं पाहिली, सगळी मागच्या बाजूनं. सातव्याला चढ फार होता. अर्ध्या वाटेत गुडघे बोलायला लागले, तेव्हा सोबत आलेला भाऊ म्हणाला, "ताई, बस इथंच, मी वर जाऊन फोटो काढून आणतो."

"फोटो नको," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून खाली उतरली.