कुलपाआडचं गाऱ्हाणं

संचिता राऊळला राग आला की ती बोलत नाही, कीबोर्ड बडवते. कुडाळच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर तिची एक खोली आहे. तिथे बसून ती काजूवाल्यांच्या आणि खानावळवाल्यांच्या वेबसाइट सांभाळते. काम चोख, तोंड फटकळ. लग्न होऊन ती मालवण रस्त्यावरच्या गावात आली आणि गावातल्या आंबा बागायतदारांची साइट आपोआप तिच्या गळ्यात पडली. घरची सून असताना बाहेर कशाला जायचं, असा गावाचा विचार. घरच्या सुनेला बोलही फुकट लावता येतो, हे कुणी तोंडानं म्हणालं नाही.

ऐन हापूसच्या हंगामात या साइटवर इशारा झळकू लागला. पत्त्याशेजारच्या कुलपावर पिवळा त्रिकोण, आणि खाली ‘या पानाचे काही भाग सुरक्षित नाहीत’. मुंबईचं गिऱ्हाईक ते बघून पळायला लागलं. पेट्या भरून तयार, आणि ऑर्डरींचा पत्ता नाही. बागायतदार गटाचा सचिव दीपेश यानं फोन करून सांगितलं, “संचिता, तू ता कुलूप लावलंस आणि साइट बिघडली. रविवारी देवळात बैठक आसा. तवसर दुरुस्त झाला नाय तर साइट पुण्याच्या कंपनीक देवची, असा सगळ्यांचा म्हणणा आसा.”

फोन ठेवून ती कीबोर्ड बडवायला लागली. गावानं काम काढून घेतलं ही बातमी कुडाळात पोचायला कितीसा वेळ लागतो. सुनेला स्वतःच्या गावची साइट जमली नाही, मग आमची काय जमणार, असं म्हणत एकेक जण सटकला असता आणि खोलीला टाळं लागलं असतं.

आणि दोष तिचा नव्हताच. साइट सुरक्षित असल्याचं ते कुलूप तिनं नीट लावलं होतं, सगळे फोटोही सुरक्षित पत्त्यावर नेले होते. राहिला होता एक आवाज. पान उघडलं की देवाचं गाऱ्हाणं वाजावं, ही गावाची हौस. कुठलंही काम काढताना ग्रामदेवतेला घालायची ती विनवणी गावचे मानकरी बाबलीकाका यांच्या आवाजात होती, आणि ती यायची देवळाच्या जुन्या, बिनकुलपाच्या साइटवरून. बंद घरात एक खिडकी सताड उघडी राहावी तसा प्रकार. काही फोनवर त्यामुळे इशारा यायचा, काहींवर गाऱ्हाणंच मुकं व्हायचं. आवाजाची फाइल उचलून इकडे आणायची, की काम झालं. चहा निवायच्या आत होणारं काम.

पण ते गावाला विचारून करायचं होतं. रविवारी सभामंडपात तिनं हे सगळं समजावून सांगितलं. बाबलीकाकांनी विड्याचं पान जुळवत नकाराची मान हलवली.

“गाऱ्हाणा देवाच्या जाग्यार आसा, ता थंयच रवतला. धंद्याच्या जाग्यार न्हेवचा तर देवाचो कौल घेवक होयो.”

“मगे आजच घेवया.”

“कौल लावणारो गुरव लग्नाक गेलो आसा. हंगाम संपल्यार बघूया.”

“तर मी ता काढून टाकतंय.”

“गाऱ्हाण्याशिवाय धंदो? खंयची रीत गो ही?”

“देवळाच्या साइटीकच कुलूप लावया. पासवर्ड द्या.”

पासवर्ड काकांच्या चुलतभावाकडे, आणि दोघांत बोलचाल बंद. म्हणजे आणायचं नाही, काढायचं नाही, तिथे दुरुस्तही करायचं नाही, आणि खापर फोडायचं संचितावर. एवढ्या माणसांत एकालाही ‘ही पोर बरोबर बोलते’ म्हणायला जीभ उचलवली नाही. अशा गप्प माणसांचा राग शिव्या देणाऱ्यांपेक्षा जास्त येतो.

संचिता उठली. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो तिनं सगळ्यांच्या मध्ये ठेवला.

“काकानू, देवळाच्या साइटीवरचा गाऱ्हाणा तुमच्या तोंडचा आसा. ता तुमी ठेवा. ह्या साइटीसाठी मी घालतंय.”

गाभाऱ्याकडे तोंड करून तिनं हात जोडले. या गावात बाईनं कधी गाऱ्हाणं घातलेलं नव्हतं. कुणी अडवायच्या आत तिचा आवाज चढला.

“बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा.”

गाऱ्हाण्यात ‘म्हाराजा’ आलं की जमलेल्यांनी होकार द्यायचा. या माणसांना ही सवय पाळण्यापासूनची. विचार करायच्या आधीच सगळ्यांच्या तोंडून गेलं, “व्हय म्हाराजा.”

“आमच्या पानार येतल्या गिऱ्हायकाचा भय दूर कर, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जे स्वतः काय करनत नाय, दुसऱ्याक करूक दिनत नाय, त्येंका बुद्धी दी, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

तिनं रेकॉर्डिंग थांबवलं, तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला, जुना आवाज काढून नवा चढवला. दीपेशनं स्वतःच्या फोनवर पान उघडलं. त्रिकोण गेला होता. पुण्याच्या कंपनीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि आठवडाभरात पेट्या हलल्या.

ते गाऱ्हाणं आजही साइटवर वाजतं. नीट ऐकलं तर शेवटच्या मागणीला सगळ्यांत खणखणीत होकार बाबलीकाकांचा आहे.